हात अधू झाला म्हणून माणसानं तहान मारायची का?

आपल्याकडं विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हात अधू झालेली माणसं मुद्दाम पाणी कमी पितात. लकवा मारलेली, कंपवाताची, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. आमच्या मोठ्या बाबांचा उजवा हात लकव्यानं गेला. पाणी का मागत नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "काहून मांगू बा घडीघडी? तुमी कामात राह्यता." मग लघवीला जळजळ, चक्कर, शेवटी सलाईन.

दोष आपल्या गिलासाचा आहे. स्टीलचा, गुळगुळीत, माठातलं पाणी भरलं की बाहेरून ओला, धरायला काही नाही. चहा ओतला की चटका. कुष्ठरोगात हाताची नस गेलेल्याला तर चटका कळतही नाही, फोड आल्यावर दिसतो. 1936 पासून दत्तपूरला आणि पुढं आनंदवनात ज्या मुलखात कुष्ठरोग्यांची सेवा चालली, तिथं हे मी वेगळं सांगायला नको.

दोन कानांचा कप मिळतो. कान एवढे मोठे की चारही बोटं आत जातात, चिमटीचा जोर लागत नाही. बूड रुंद, वर झाकण. एका कपाला नाकाच्या जागी खाच असते, त्यामुळं मान मागं न टाकता पिता येतं. गिळताना ठसका लागणाऱ्याला हे फार मोलाचं, पण त्याला तोटीचा कप किंवा नळी डॉक्टरांना विचारूनच द्या. थरथरणाऱ्या काही हातांना जड कप बरा पडतो, हातात जोरच नसेल तर हलकाच हवा. आम्ही गावातल्या वेल्डरकडून मगाला दोन मोठे कान लावून घेतले, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. मोठे बाबा आता डावा हात एका कानात घालतात, मग छातीशी टेकवून स्वतः पितात. चहासुद्धा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू माणसाला 3000 रुपये मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे. कप नाही. चालता येणं महत्त्वाचं, तसं पाणी पिणं नाही का? आशाताई घरोघरी जातात, लकव्याचा माणूस कुठल्या घरात आहे हे त्यांना ठाऊक असतं. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी सोबत या, आणि तोवर तुमच्या गावच्या वेल्डरला गाठा.