ओत्तक्षर खाली, वेलांटी वर

कर्नाटकाने २०२४ साली भाषेचा कायदा दुरुस्त केला आणि दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात, असा नियम आला. तेव्हापासून बेळगावहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये हा आकडा असतोच. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस. त्यात आता फुटपट्टीची भर.

मराठी माणसाची तक्रार मला खोटी वाटत नाही. ज्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, तिथे ती उरलेल्या जागेत बसवायची, हे टोचणारच. पण मी इथे द हेगमध्ये फॉन्ट बनवण्याचं काम करतो, आणि पाटीचा फोटो आला की माझी नजर टक्क्यांवर न थांबता दोन लिप्या एकमेकींना भिडतात तिथे जाते. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं, ते ओत्तक्षर. देवनागरीचा पसारा शिरोरेषेच्या वर: वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. कन्नड वर आणि मराठी खाली ठेवली, की वरचं ओत्तक्षर आणि खालची वेलांटी नेमकी एकाच पट्टीत येतात. ही पट्टी कायदा मोजत नाही. फ्लेक्सवाला मग मराठी ओळ माउसने धरून वरून दाबतो. उभे दंड जाडच राहतात, शिरोरेषा केसाएवढी होते. ल आणि श हिंदी वळणाचे येतात ते वेगळंच. मराठी रूपं कित्येक फॉन्टमध्ये असतात, पण ती मुद्दाम चालू करावी लागतात आणि दुकानात तेवढा वेळ कुणाला?

फ्लेक्स येण्याआधी सगळं सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. भयानक बोर्ड तेव्हाही होते. पण रंगवणारा पेंटर कन्नड, मराठी, इंग्रजी एकाच ब्रशने लिहायचा. एक ओळ दुसरीवर चढतेय हे त्याला लिहिता लिहिताच दिसायचं, आणि त्याला नाही दिसलं तर शिडी धरून उभ्या असलेल्याला दिसायचं.

शिडी धरणारा तो दुसरा माणूस मला इथे भेटला. द हेगच्या रॉयल अकादमीत गेरिट नॉर्डझाय यांनी १९६० ते १९९० अक्षरलेखन शिकवलं. एरिक फान ब्लॉकलंड आणि युस्ट फान रॉसम हे फॉन्टकार त्यांचे विद्यार्थी. युस्टचा भाऊ गिडो, पायथन ही संगणकभाषा बनवणारा. फॉन्ट बनवणाऱ्यांच्या अवजारांत पायथन इतकी लवकर शिरली त्यामागे हे घरगुती नातंही आहे. आमच्याकडे आजही प्रूफ छापून भिंतीवर लावतात. अरबी किंवा ग्रीक करणारा शेजारी उठून येतो, पेन्सिलने एखाद्या वळणाला गोल करतो, जागेवर जातो. देवनागरीला जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. ते एकट्याने काढत बसलं की महिन्याभरात स्वतःची चूक दिसेनाशी होते.

तरी याचा फार गोडवा गाऊ नये. इथलं सख्य डायरीवर चालतं. चहाला यायचं तर दोन आठवडे आधी तारीख ठरते. शिवाय माझं प्रूफ हे लोक बघतात, वाचत कुणीच नाही. ते काम बेळगावात बसलेली माझी आत्या करते, निवृत्त शिक्षिका. "अरे, तुझा ख मला र आणि व दिसतोय की," हे तिने फोटो बघताच सांगितलं. भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या इथल्या कुणाला ते कळणं शक्य नव्हतं.

इथून ब्रसेल्स रेल्वेने दोनेक तासांवर. तिथे रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्हींत, लिपी मात्र एकच, रोमन. बेल्जियमने भाषेची सीमा १९६२ च्या कायद्याने आखली, तरी फूरन नावाच्या इवल्याशा खेड्यांच्या पट्ट्यावरून १९८७ साली सरकार पडलं. हे सांगितलं की बेळगावकरांना जरा बरं वाटतं. मला मात्र बेल्जियमवाल्यांचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठी, की त्यांचं अख्खं भांडण एका फॉन्टमध्ये मावतं.

आपलं मावत नाही, म्हणून आपल्याला दोन्ही लिप्यांची माणसं एका टेबलाशी लागतात. हे काही स्वप्नरंजन नाही. विंडोजमधला देवनागरी 'मंगल' र. कृ. जोशींचा, आणि कन्नडचा 'तुंगा'ही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये 'अनेक' हा दहा लिप्यांचा फॉन्ट काढला. त्यात कन्नडही आहे, देवनागरीही, आणि रुंदी कमीजास्त करायची सोय आहे, म्हणजे माउसने दाबायची गरज नाही. फुकट मिळतो. पण असं काम मुंबईत होतं आणि दोन्ही लिप्या जिथे रोज एका फळीवर येतात त्या बेळगावात होत नाही. तिथली चित्रकलेची पोरं शिकून पुण्याला किंवा बंगळुरूला जातात. मीही गेलोच की.

हे सगळं मी तिथल्या एका मित्राला ऐकवलं. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्च्यांना न चुकता जाणारा माणूस. तो म्हणाला, "तू वेलांट्या नीट करत बस, इकडं भाषा चाललीय." त्याला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हटलं, की निदान एका फ्लेक्सवाल्याकडे कन्नड येणारं एखादं पोरगं आणि मराठी येणारं एखादं, असे दोघे शेजारी बसव, आणि दोन ओळींच्या मध्ये चार बोटं जागा सोडायला सांग.

"आणि ती चार बोटं कुणाच्या हिश्शातली?" त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आमच्या चाळिसातली तर नाहीच."