१९४२ हा गेम मला का आवडतो आणि कुठे खटकतो

कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९४२ हा माझ्या मते जुन्या शूटर गेममधला सगळ्यात प्रामाणिक गेम आहे, आणि तरीही अर्ध्यावर आलो की माझं मन त्यातून उडतं, हे दोन्ही का होतं ते एकदा नीट लिहायचंच होतं. रेट्रो गेमचा विषय निघाला की एक तर "अरे क्लासिक आहे, विषय संपला" नाहीतर "चाळीस वर्षं जुना गेम, काय बघायचंय त्यात" एवढंच ऐकू येतं, आणि दोन्हीकडे मूळ गेमकडे कोणी बघतच नाही.

खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४ ला आर्केडमधे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला. कॅपकॉम तेव्हा एकदम नवी, त्यांचा पहिला आर्केड गेम व्हल्गस पण त्याच वर्षीचा. १९४२ केला योशिकी ओकामोतोने, जो त्याआधी कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीत होता आणि तिथे टाइम पायलट आणि जायरस हे गेम करून आला होता. पॅसिफिक महासागर, खाली सरकणारं पाणी आणि बेटं, तुमचं विमान पी-३८ लाइटनिंग हे अमेरिकन लढाऊ विमान, समोरून जपानी विमानांच्या रांगा, त्या पाडत पाडत टोकियोकडे जायचं. एक जॉयस्टिक, दोन बटणं. एक गोळीचं, एक लूपचं. ३२ स्टेज. बस.

आता हे लूपचं बटण. माझं या गेमवरचं अर्धं प्रेम या एका बटणावर आहे.

एक गोळी लागली की विमान गेलं, हेल्थ बार वगैरे भानगड नाही. त्याच्या बदल्यात गेम तुम्हाला मोजून तीन लूप देतो. बटण दाबलं की विमान कोलांटी मारतं, स्क्रीनमधून तुमच्याकडे उचलल्यासारखं मोठं होतं, उलटं होतं आणि परत खाली येतं, तेवढा वेळ तुम्हाला काही लागत नाही. पण तेवढा वेळ तुम्ही मारूही शकत नाही. म्हणजे समजा डावीकडून छोट्या विमानांची रांग वळून आली, तिला चुकवायला तुम्ही उजव्या कोपऱ्यात सरकलात, आणि नेमकं तेव्हाच खालून, तुमच्या पाठीमागून, ते मोठं हिरवं विमान वर चढायला लागलं. आता जागा नाही. लूप मारायचा का? मारला तर सुटाल, पण हिरवं विमान तुमच्या वर निघून जाणार आणि तिथून गोळ्या सोडत बसणार, आणि लूप संपून तुम्ही खाली याल तेव्हा समोर काय असेल त्याची गॅरंटी नाही. नाही मारला तर दोन विमानांच्या मधल्या फटीतून जायचं, जी फट आहे की नाही हे कळायला अर्धा सेकंद पण मिळत नाही. हा निर्णय सतत, पुन्हा पुन्हा घ्यायला लागतो, आणि वर उरलेल्या लूपचे स्टेज संपल्यावर बोनस पॉइंट मिळतात, म्हणजे घाबरून लूप उधळणाऱ्याला गेम गुपचूप दंड करतो. किती कमी सामानात किती उभं केलंय बघा. पुढे या प्रकारच्या गेममधे बॉम्ब आला, बटण दाबा आणि स्क्रीन साफ करा, तोही मजेशीर आहे, पण बॉम्बने तुम्ही हल्ला करता. लूपमधे फक्त जीव वाचतो, हातात काही येत नाही, आणि मला ते जास्त आवडतं.

दुसरी मजा लाल विमानांची. लाल विमानांची टोळी येते, सगळीच्या सगळी पाडली तर पॉवर अप मिळतो. एखाद्यातून चार गोळ्यांचा मारा, एखाद्यातून तुमच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी साथीदार विमानं. एक जरी निसटलं तरी काही नाही. म्हणून त्या शेवटच्या लाल विमानामागे आपण जिथे जायला नको तिथे जातो, स्क्रीनच्या पार वरच्या टोकाला, आणि तिथेच मरतो. मेल्यावर चार गोळ्या गेल्या, साथीदार गेले, परत ती फुसकी दोन गोळ्यांची बंदूक. आणि राग गेमचा येत नाही! गेमने फसवलं असं वाटतच नाही, समोर सगळं दिसत होतं, आपणच गेलो. प्रामाणिक गेम म्हणतो ते या अर्थाने.

गोळीबाराची पण एक गंमत सांगतो. खऱ्या पी-३८ च्या बंदुका पंखात नव्हत्या, नाकात होत्या, चार मशिनगन आणि एक २० मिलीमीटरची तोफ, त्यामुळे मारा नाकासमोर सरळ जायचा. पंखात बंदुका असलेल्या विमानांचा मारा ठराविक अंतरावर एकत्र येईल असा लावलेला असायचा, पी-३८ ला ती अडचण नव्हती. अमेरिकेचे सगळ्यात जास्त विमानं पाडणारे दोन पायलट, रिचर्ड बाँग आणि थॉमस मॅग्वायर, दोघंही पी-३८ वालेच. त्यामुळे गेममधे ते विमान सरळ रेषेत टकाटक मारत सुटतं ते अगदी पटतं.

इथपर्यंत सगळं छान. आता खटकणारं.

पहिलं म्हणजे ३२ स्टेज फार होतात हो. इतका नेमका डिझाइन केलेला गेम आणि त्याला स्वतःला कुठे थांबायचं ते कळू नये? साधारण दहाव्या स्टेजपर्यंत गेमने त्याच्याकडचं जवळजवळ सगळं दाखवून झालेलं असतं. मग पुढे तीच विमानं, तीच वळणं, तेच निळं पाणी, तीच हिरवी बेटं, फक्त गर्दी जास्त. मधेच कधीतरी एक भलंमोठं बाँबर विमान येतं तेव्हा जरा जाग येते, पण ते पण किती वेळा येणार. विमानं कुठून येणार हे ठरलेलं असल्यामुळे जो टिकतो तो पाठांतरावर टिकतो, आणि पाठांतर झालं की लूपचा तो निर्णय, ज्याचं मी इतकं कौतुक केलं, तो निर्णय राहतच नाही, इथे मारायचा हे माहीतच असतं. आणि आवाज! तो ड्रमचा ठेका आणि वर ती शिट्टी, पाच मिनिटं जोश देते, पंधरा मिनिटांनी डोकं उठवते. घरच्या कन्सोलवर आलेल्या व्हर्जनमधे तर ते अजूनच टोचतं.

पण हे सगळं मी माफ करतो, १९८४ ची मशीन, तेव्हाची मेमरी, ठीक आहे. मला जे खरंच खटकतं ते वेगळं आहे आणि त्याला मेमरी लागत नव्हती.

या गेमने स्वतःहून एका खऱ्या युद्धाचं नाव घेतलंय. स्पेसशिप आणि एलियन करून भागलं असतं, त्या काळात सगळे तेच करत होते. ओकामोतोला पाश्चात्त्य प्रेक्षकांना आवडेल असा गेम हवा होता म्हणून दुसरं महायुद्ध आलं, आणि म्हणून जपानी कंपनीने असा गेम केला ज्यात तुम्ही अमेरिकन पायलट होऊन जपानी विमानं पाडता. मला यात काही गैर वाटत नाही, उलट धाडसच वाटतं. पण मग गेमच्या भागांना नावं दिलीयत ती त्या युद्धातल्या खऱ्या लढायांच्या ठिकाणांची, मिडवे, रबाउल, सायपान, लेटे, इवो जिमा, ओकिनावा. ही नावं घेतली ना तुम्ही? मग त्यांच्यात काहीतरी फरक दाखवा की.

मिडवे घ्या. जून १९४२. ती लढाई जहाजांची होती, जपानच्या चार विमानवाहू बोटी बुडाल्या, अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू. अमेरिकेची आठव्या नंबरची टॉर्पेडो स्क्वाड्रन, १५ विमानं, ३० माणसं, पाण्याला लागून सरळ जहाजांवर चालून गेली आणि पंधराच्या पंधरा विमानं पडली, एकच माणूस वाचला, जॉर्ज गे नावाचा. गेममधल्या मिडवेला खाली शत्रूचं एक जहाज नाही. पाणी रिकामं. बरं पी-३८ मिडवेला नव्हतंच, आणि ते विमानवाहू बोटीवरून लढायला उडायचंही नाही, जमिनीवरच्या धावपट्टीवरचं विमान ते. १८ एप्रिल १९४३ ला जपानी ॲडमिरल यामामोतोचं विमान पाडलं ते पी-३८ नीच, पण ग्वादलकॅनाल बेटावरच्या धावपट्टीवरून जाऊन. गेममधे मात्र बोटीवरून टेकऑफ, बोटीवर लँडिंग. हे चालेल मला, लँडिंगचा तो छोटासा क्षण सुंदर आहे, स्टेज संपल्याचा जीव भांड्यात पडतो. तिथे इतिहास थोडा वाकवला तर त्यातून काहीतरी मिळालं.

ओकिनावाचं मात्र नाही चालत. ओकिनावा म्हणजे १९४५. गेमचं नावच १९४२ आहे हे पण सोडा. या गेममधल्या छोट्या विमानांची खास सवय काय, तर ती खाली येतात, गोळी सोडतात आणि गर्रकन वळून परत वर पळून जातात. पहिल्या स्टेजपासून हेच. आणि ओकिनावाला पण हेच! जिथे खऱ्या लढाईत पायलट परत जायला आलेलेच नसायचे. कामिकाझे, म्हणजे विमानासकट जहाजावर आदळणारे आत्मघाती पायलट, ऑक्टोबर १९४४ ला लेटेच्या लढाईत सुरू झाले आणि ओकिनावाला त्यांच्या लाटांवर लाटा आल्या. म्हणजे विचार करा, शेवटच्या स्टेजमधे ती ओळखीची विमानं वळलीच नसती तर? नवीन ग्राफिक नको, नवीन आवाज नको, फक्त वळायचं नाही, सरळ अंगावर यायचं. इतक्या स्टेज खेळून हाताला सवय झालेली असते की हे आता वळणार, आणि ते वळत नाही. गेम एकदम अवघड झाला असता, पाठांतर मोडलं असतं, लूपचा निर्णय परत जिवंत झाला असता, आणि खेळणाऱ्याला एका क्षणात कळलं असतं की युद्ध कुठून कुठे गेलं. एक शब्द न लिहिता. हे हातात असून सोडलं याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण गेम वाईट असता तर मी इतकं लिहिलंच नसतं.

लोक म्हणतात शूटर गेममधे इतिहास कशाला शोधता, विमान फुटतं, धूर होतो, पुढे चला. मला व्याख्यान नकोच आहे. मला एवढंच म्हणायचंय की गेमकडे सांगायची स्वतःची भाषा असते, शत्रू कसा हलतो हीच ती भाषा, आणि १९४२ ला ती छान येत होती.

१९८७ ला पुढचा भाग आला, १९४३, द बॅटल ऑफ मिडवे. (मिडवे १९४२ ची, गेमचं नाव १९४३, यांना तारखांशी काय वैर आहे कळत नाही.) त्यात पाणी भरलं एकदाचं, खाली जहाजं आली, शेवटी यामातो ही जपानी युद्धनौका बुडवायची, जी प्रत्यक्षात ७ एप्रिल १९४५ ला बुडाली. दोघांना एकत्र खेळता येतं, शस्त्रं बरीच, आणि एका गोळीत मरण नाही, एनर्जी आहे, पण ती आपोआप कमी होत राहते. गेम म्हणून तो जास्त भरलेला आहे, बहुतेक लोक त्यालाच वरचा मानतात आणि का ते मला समजतं. पण एनर्जी आली आणि गोळीची भीती गेली. एक लागली, ठीक आहे, पुढे भरून काढू. १९४२ मधे प्रत्येक गोळीकडे बघावं लागतं, १९४३ मधे नाही, आणि मला विचाराल तर मी अजून पहिलाच लावतो.

कोणाला आता खेळून बघायचा असेल तर कॅपकॉम आर्केड स्टेडियम या जुन्या गेमच्या संग्रहात आहे. आर्केडचंच व्हर्जन खेळा, घरच्या कन्सोलच्या जुन्या पोर्टवरून मत बनवू नका. रिवाइंडची, म्हणजे खेळ मागे नेऊन परत खेळायची सोय दिलीय तिला हात लावू नका, ती वापरली की लूपला काही अर्थ उरत नाही. ३२ स्टेज पूर्ण करायच्या मागे पण लागू नका, पहिल्या आठ-दहा मन लावून खेळा, लूप साठवून खेळा, आणि ज्यांनी ओकिनावापर्यंत मजल मारलीय त्यांनी कमेंटमधे सांगा, ती वळणारी विमानं तिथे तुम्हालाही खटकली का.