गाडी गरम असताना चालू होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा की, गरम झाल्यावर चालू न होणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी मी मल्टीमीटर आणि तपासण्यांचा उगाच पसारा मांडला; अशा गाडीत बहुतेक वेळा क्रँक सेन्सरच (इंजिन किती वेगाने फिरते आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग) गेलेला असतो, तो बदलला की काम संपते, आणि चालत्या गॅरेजमध्ये मोजमाप करत बसायला कोणाला सवड नसते. सेन्सर हा नेहमीचा संशयित आहे, हे मला मान्यच आहे. माझा विरोध आहे तो तपासण्याआधीच बदलण्याला.

हा दोष इंजिन गार झाले की आपोआप नाहीसा होतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणणे, सुटा भाग मागवणे, तो बसवणे यात दोन-तीन तास सहज जातात; मग सेल्फ मारताच गाडी चालू होते. मधल्या वेळात सेन्सर बदललेला असो, रिले बदललेला असो किंवा कोणी नुसते बोनेट उघडून ठेवलेले असो, गाडी चालू होणारच होती. श्रेय मात्र बदललेल्या भागाच्या पदरात पडते. ज्याची गाडी आठवड्याने पुन्हा अडते तो बहुधा दुसऱ्या गॅरेजकडे वळतो, त्यामुळे पहिल्याच्या हिशेबात ती दुरुस्त झालेलीच राहते.

म्हणून तपासणी करायची ती गाडी अडून बसलेली असताना, आणि ती वेळ फार थोडी असते. इंजिन बंद केल्यावर पाण्याचा प्रवाह थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो आणि बोनेटखालची उष्णता काही काळ उलट वाढते. उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढून आलेली गाडी चहासाठी थांबवून लगेच सुरू केली तर चालू होते, तासाभराने केली तरी होते. पण दहा-पंधरा मिनिटांनी केली की रुसते, ती यामुळे.

त्या पंधरा मिनिटांत पहिले काम कानाचे. सेल्फ जड, रेंगाळत फिरत असेल किंवा नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर क्रँक सेन्सरचा विचार सोडून द्यावा. सेन्सर बिघडल्याने सेल्फचा वेग कमी होत नाही. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 20 अंशांवरून 100 अंशांवर गेलेल्या, स्टार्टरमधल्या (सेल्फच्या मोटरमधल्या) वेटोळ्यांचा रोध जवळजवळ 30 टक्क्यांनी अधिक होतो. गार असताना कसेबसे निभावणारे जुने स्टार्टर किंवा गंजलेले अर्थिंग तेव्हा हात टेकते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे स्टार्टरच्या जाड वायरीच्या बोल्टवर धरून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर दोष वायरीत किंवा जोडणीत आहे. या मोजणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पेट घेत नसेल, तर आपल्या संशयिताची पाळी येते. तेव्हा स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, शून्यच दिसतो का, ते पाहावे. शून्य असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर यांवरचा संशय बळावतो. सेन्सरवर थोडे पाणी ओतून तो गार करताच गाडी चालू झाली, तर मीही तो निःशंकपणे बदलीन. आरपीएम व्यवस्थित दिसत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असे केल्याने पेट्रोल तोडले जाते. त्या अवस्थेत इंजिन खोकत-खाकरत चालू झाले, तर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) गळत असावा किंवा तापमानाचा सेन्सर गरम इंजिनाला गार समजून जास्त पेट्रोल मागत असावा. इथे नवा क्रँक सेन्सर बसवून काहीही हाती लागणार नाही.

गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा आपण सांगितलेला उपाय कार्बोरेटरच्या काळात खराच होता. तो पंप इंजिनाला चिकटलेला असे आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढ लागलेल्या नळीत पेट्रोलची वाफ लवकर होते. आताचा पंप टाकीतच असतो आणि साधारण 3 बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे इंजिनावर फडके टाकून त्याला काही होत नाही.

शेवटी आपल्याच गाडीविषयी. गेल्या वर्षी बदललेला सेन्सर ‘लोकल’ निघाला म्हणून गाडी पुन्हा त्रास देते, असे आपण लिहिले आहे. तसे असेलही, पण पहिला सेन्सर मुळात चांगलाच होता, हीदेखील शक्यता आहे. तिसरा विकत घेण्यापूर्वी गाडी पुढच्या वेळी अडेल तेव्हा सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो की जड, आणि तेव्हा आरपीएम किती दिसतो, एवढे पाहून कृपया कळवावे.