खुलासा : गजाची कमान कोरत नाहीत

‘व्हायोलिनच्या गजाची कमान लाकडातून कोरून काढतात’ (गज म्हणजे तारांवर फिरवायची काठी, कमान म्हणजे तिचा बाक), असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं आणि ते बरंच फिरतंय. ते चूक आहे, चूक माझीच.

ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाची काठी आधी रंधा मारून सरळच करतात. मग ती आचेवर तापवून, ऊब गाभ्यापर्यंत पोचली की वाकवतात. पॅरिसचे गज बनवणारे कारागीर फ्रान्स्वा तूर्त यांच्या (मृत्यू १८३५) नावावर जमा आहे ती हीच रीत. माझाच गज भिंगाखाली धरला, तर लाकडाच्या रेषा कमानीबरोबर वळलेल्या! कोरलेल्या काठीत त्या मध्येच तुटतात. मग सगळा मिळून जेमतेम ६० ग्रॅमचा गज ताण कसा सोसणार?

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा द्या.