चेनचं तुमचं बरोबर, थर्मोस्टॅटचं नाही

दादा नमस्कार, उत्तराला उशीर झाला, घरी लग्न होतं. कमेंट लांब होती म्हणून उत्तरही लांब होऊन राहिलं आहे, सांभाळून घ्या.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी अल्टोच्या ८०० सीसी आणि हजार सीसी अशा दोन इंजिनांबद्दल लिहिलं होतं, ८०० सीसीचं नीट ठेवलं तर दीड लाख किलोमीटर सहज चालतं. दादांचं म्हणणं, ८०० सीसीला टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा कॅमशाफ्ट फिरवते ती) लिहिलं ते चूक आहे, दोघांचे ४८ आणि ६८ पीएसचे (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरच) आकडे पटत नाहीत कारण दोनशे सीसीत वीस पीएस वाढतील कसे, आणि इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट काढू नका हा सल्ला पुस्तकी आहे, त्यांच्या गाडीचा हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) एका उन्हाळ्यात दोनदा गेला आणि थर्मोस्टॅट काढला तेव्हाच गाडी गरम व्हायची थांबली.

चेनचं तुमचं शंभर टक्के बरोबर. ८०० सीसीच्या एफ८डी मध्ये बेल्ट आहे, चेन हजार सीसीच्या के१०बी मध्ये आहे, मी दोन्हीबद्दल एकाच बैठकीत लिहिलं आणि घोळ केला. मूळ लेखात दुरुस्त केलं आहे.

आकड्यांचं मात्र मान्य नाही. एफ८डी ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, २०१२ च्या अल्टो ८०० मध्ये ४८ पीएस आणि ६९ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ). के१०बी ९९८ सीसीचं, ६८ पीएस आणि ९० न्यूटन मीटर. लिटरमागे काढलं तर एकाला साधारण ६० पीएस पडतात आणि दुसऱ्याला ६८, म्हणजे वीसातले बारा पीएस तर नुसत्या सीसीचेच झाले, उरलेले आठ नव्या डिझाइनचे, त्यात एकाऐवजी दोन कॅमशाफ्ट आहेत. आणि खरं सांगू का, नागपूरच्या बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये पीएस कोणालाच कळत नाही, कळतो तो टॉर्क, आणि तोही चार जण बसवून एसी लावून चिखलदऱ्याचा घाट चढताना.

आता मुद्द्याचं. थर्मोस्टॅट म्हणजे काय, आत मेण भरलेली एक छोटी डबी, कूलंट ८२-८८ अंशांच्या आसपास आलं की मेण फुगतं आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतो, तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरत राहतं. म्हणजे मे महिन्यात पारा ४५ वर असताना तुम्ही गाडी काढली की थोड्याच वेळात तो पूर्ण उघडलेला असतो. चांगला असेल तर तो तेव्हा फारसं काही अडवतच नाही, मग काढून फायदा कशाचा? तुम्हाला फायदा झाला कारण बहुतेक तुमचा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता. अडकलेला काढला की गाडी थंड होणारच, नवीन बसवला असता तरी झालीच असती.

आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, माझंही हेच झालं आहे. माझ्याकडे जुनी सेकंडहँड अल्टो होती, ती घेतल्या घेतल्या एका मिस्त्रीने सांगितलं, "भाऊ, हे काहून ठेवता, काढून टाका, इंजिन थंडं राहते." मीही काढू दिला. वर दोन वर्षं रेडिएटरमध्ये घरच्या बोअरिंगचं पाणी टाकत गेलो, कूलंटला कोण पैसे देते म्हणून. मायलेज १८ वरून १४ वर आला तर मी पेट्रोल पंपाला शिव्या घालत होतो. खरं कारण हे की थंडीत आणि हायवेवर इंजिन पूर्ण तापतच नव्हतं, सेन्सर सांगतो इंजिन अजून गार आहे, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, आणि ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइलही धुऊन नेतं. शेवटी मे महिन्यात अमरावतीहून येताना कोंढाळीजवळ बोनेटमधून वाफ निघाली आणि दुपारी दीड वाजता आम्ही चौघं एका बाभळीखाली बसलो, सासूबाई धरून. थर्मोस्टॅट नव्हता तरी गाडी तापलीच ना! रेडिएटर खोलला तर गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर.

आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम असा आहे बघा. कूलंट ९० अंशांवर धरलं तर डिसेंबरात बाहेर २० असताना फरक ७० अंशांचा, मे मध्ये बाहेर ४५ असताना फरक फक्त ४५ चा. रेडिएटर तोच, फॅन तोच, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद जवळपास दोन तृतीयांशावर आली. त्यात एसी चालू, त्याचा कंडेन्सर (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळते तीच हवा आधीच तापलेली. एवढं धरूनही गाडी चालते, पण जाळीत वर्षभराची धूळ, आत क्षारांचा थर, फॅन उशिरा लागतो, असं काही असलं की हिवाळ्यात जे खपून गेलं ते मे मध्ये उघडं पडतं. हे मोठ्या इंजिनालाही लागू आहे, छोटं आहे म्हणून तापतं असं नाही. वर रेडिएटरचं झाकण! ते आतला दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभरच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही, त्याचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि पाणी आधीच उकळून बाहेर पडतं. स्वस्तातली वस्तू आहे पण कोणी बदलत नाही. (गरम इंजिनाचं झाकण उघडू नका मात्र, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.)

दुसऱ्यांदा गॅस्केट का गेला याबद्दल माझा अंदाज सांगतो. हेड ॲल्युमिनियमचं असतं, एकदा जास्त तापलं की किंचित वाकतं, डोळ्यांना दिसत नाही, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावूनच कळतं. फेसिंग न करता, म्हणजे घासून सपाट न करता, त्याच वाकड्या हेडवर नवीन गॅस्केट बसवला तर तो किती दिवस टिकणार? पहिल्या वेळेच्या बिलात हेड फेसिंग लिहिलं आहे का बघा.

आणि बिल काढालच तर अजून एक बघून घ्या. हेड काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणजे तुमचा बेल्ट एका उन्हाळ्यात दोनदा उतरला. दोन्ही वेळा तोच जुना परत चढवला असेल तर थर्मोस्टॅटचं नंतर बोलू, आधी तो बदला.