कुकरमधला प्लाय

परवा कोथरूडमध्ये एका गृहस्थांनी माझ्या प्लायचा तुकडा प्रेशर कुकरमध्ये शिजवला आणि वर मलाच विचारलं, "साहेब, पण यात तुमचं काय?"

मागची हकिकत पटकन उरकतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत वीसेक वर्षं घासल्यावर, ‘डिलिव्हरी हेड’ अशी पाटी लागल्यावर, मी नोकरी सोडली आणि इंटिरियर डिझाइनची छोटी फर्म काढली. शनिवार-रविवारचा डिप्लोमा आधीच पदरात पाडून घेतला होता. पुण्यात पन्नाशीला टेकलेला आयटीतला माणूस राजीनामा देतो तेव्हा लोकांना दोनच शक्यता दिसतात. एक तर याला काढलाय, नाहीतर हा आता मुळशीला सेंद्रिय हळद लावणार. इंटिरियर म्हटलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे पडदे वगैरे?" आमच्या साडूंनी तर माझा हात दोन्ही हातांत धरून "काही लागलं तर नि:संकोच सांगा" असं म्हटलं. मला काहीच लागत नव्हतं. आता लागतंय, पण आता ते फोन उचलत नाहीत.

तर कोथरूडचं काम. टू बीएचके, नवरा-बायको दोघंही आयटीतले, समंजस. डिझाइन पाहिलं, आवडलं, किचनच्या थ्रीडी चित्रावर बाई दोन वेळा "वॉव" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, फायनल करण्याआधी मामांच्या नजरेखालून घालू या का? घरातले मोठे आहेत."

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आले ते स्वतःचा टेप घेऊन. माझ्याकडे लेझरनं मापं घेणारं यंत्र आहे. मी लाल ठिपका भिंतीवर पाडून आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी मुलाच्या खेळण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा." मी धरलं. मामा हॉल ओलांडून पलीकडे गेले. "अकरा फूट, चार इंच, तीन सूत." मग ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे काय लिहिलंय? तीन हजार चारशे बासष्ट?"

"मिलिमीटर आहेत, मामा."

"एवढी मोठी खोली मिलिमीटरमध्ये मोजता? आम्ही धरणं मीटरमध्ये मोजली."

माझा मिस्त्रीसुद्धा सुतातच बोलतो, इंचाचे आठ सूत, आणि मी मिलिमीटर दिले की तो आधी मनात भाषांतर करतो. त्यामुळे त्या क्षणी घरात मिलिमीटरच्या बाजूनं मी एकटाच होतो. भिंत खरडत असलेला रंगारीसुद्धा मामांकडे बघून मान हलवत होता.

मग प्लायचा विषय निघाला. किचनला आपण बीडब्ल्यूपी ग्रेड, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा प्लाय वापरणार, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, नुसता ओलावा सोसणारा साधा एमआर नाही, असं मी आदल्या आठवड्यात समजावून सांगितलं होतं. आणि भाव पटावा म्हणून, नको ते, एक तांत्रिक तपशीलही पुरवला होता: या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी थर सुटत नाहीत. मामांनी तेव्हा फक्त "एक तुकडा ठेवून जा" एवढंच म्हटलं होतं.

तो तुकडा आता त्यांनी पिशवीतून काढला. स्टीलच्या डब्यात, वर झाकण, पोळ्यांच्या रुमालात गुंडाळलेला. झाकण उघडल्यावर आत तपकिरी पाणी आणि त्यात माझा चार इंच बाय चार इंचाचा प्लाय.

"कुकरला लावला," मामा म्हणाले. "सहा शिट्ट्या."

मला काय बोलावं कळेना. "बरं," म्हटलं.

"थर सुटला नाही. ते कबूल करतो. पण वास सुटला. ही त्या कुकरला हात लावत नाही आता. वरण पातेल्यात होतंय गुरुवारपासून."

"मामा, ते केमिकल असतं, खाण्याच्या भांड्यात नव्हतं टाकायचं."

"मग भांडं कुठून आणायचं? तुम्ही दिलं होतं का भांडं? आणि बहात्तर तास म्हणालात. मी हिशेब केला. बारीक आचेवर बहात्तर तास ठेवायचं म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचं काय होईल, सांगा? तो खर्च कोण देणार, कंपनी का तुम्ही?"

मी म्हणालो, ही तपासणी प्रयोगशाळेत होते, आपण करायची नसते. शिक्का बघायचा.

"शिक्का," मामा म्हणाले, आणि एवढं हसले की त्यांना ठसका लागला. तीस-पस्तीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला शिक्क्यावर विश्वास ठेवायला सांगत होतो मी.

पाणी पिऊन ते किचनकडे वळले. एल आकाराचा ओटा, कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी ड्रॉवर येतात. तिथे मी दोन इंचांची फिलर पट्टी ठेवली होती. मामांनी ती बरोबर हेरली.

"हे दोन इंच वाया घालवलेत."

"वाया नाहीत. पट्टी नसेल तर एक ड्रॉवर ओढताना दुसऱ्याच्या मुठीला अडकतो."

"मग एक उघडताना दुसरा बंद ठेवायचा."

"दुसरा बंदच असतो, मामा. बंद ड्रॉवरची मूठच आडवी येते."

"मग त्याला मूठ लावू नका."

"मग तो उघडणार कसा?"

मामांनी थोडा विचार केला. "तो फार उघडायचा नाही. त्यात न लागणाऱ्या वस्तू ठेवायच्या."

हा संवाद चालू असताना भाची मन लावून ऐकत होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, मामा, पुरे. ती म्हणाली, "सर, ऑप्शन म्हणून हे करून बघता येईल का?"

शेवटी फी. मी एकूण खर्चाच्या आठ टक्के घेतो. मामा म्हणाले, "आमची बँक मला ज्येष्ठ नागरिक असून एवढं देत नाही, आणि बँकेला तरी मी मुद्दल देतो. तुम्हाला काय दिलंय?" मग मुद्द्यावर आले. प्लाय कंपनीचा. चांगला आहे, उकळून पाहिलाय. कापणार मिस्त्री. ग्रॅनाइट राजस्थानचा. बिजागऱ्या दुकानातल्या. "यात तुमचं काय?"

मी सांगत राहिलो. फ्रीजचं दार कॉलमवर आपटणार होतं, ते हलवलं. बाईंची उंची पाच फूट, म्हणून ओटा चौतीस इंचांचा बत्तीसवर आणला. वॉशिंग मशीनचा नळ बिल्डरनं दाराच्या मागे दिला होता, तो काढला. मामा ऐकत होते, पण माझ्याकडे न बघता टेप आत-बाहेर करत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आणि माझ्या शर्टाच्या खिशात सारलं. "हे आमच्याकडून. नवीन धंदा आहे. नाही म्हणू नका."

पाचशे एक रुपये. क्लायंट बाई लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. "सर, मामांचं मनावर घेऊ नका. फीचं आपण शेवटी बघू." मिस्त्रीला आगाऊ रक्कम गेली आहे, ग्रॅनाइटवाल्याला गेली आहे, चिमणी घरी येऊन पडलीय. शेवटी फक्त माझं.

याचा मला खरंच राग आहे. कंपनीत मी वीस वर्षं ज्या वस्तूंचा पगार घेतला, त्यातली एकही कुणाला बोटानं टकटक करून बघता आली नसती. स्लाइडवर बाण काढायचो. डावीकडून उजवीकडे, कधी गोल. त्या बाणांचं काय झालं हे मलाही ठाऊक नाही, पण महिनाअखेरीला पैसे जमा होत आणि दिवाळीला वर सुकामेवा येई. "यात तुमचं काय" हे कुणीही विचारलं नाही. आणि आज ज्या माणसासमोर बसलेलो असतो तोही बहुतेक वेळा असलेच बाण काढून फ्लॅट घेतलेला असतो. त्याच्या तासाचा भाव डॉलरमध्ये ठरतो, माझं डोकं मात्र प्लायवर फुकट.

कायद्याचंही बघा. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनर कुणीही म्हणवून घ्यावं, म्हणून मामाही आहेत, रंगारीही आहे, आणि ज्या फॅमिली ग्रुपवर माझी थ्रीडी चित्रं फिरली तिथे नाशिकची आत्याही आहे. तिनं हॉलला पिस्ता रंग सुचवला आणि तिला सत्तावीस अंगठे पडले. १९६१ च्या आयकर कायद्यानं मात्र कलम ४४ एए मध्ये इंटिरियर डेकोरेशनला वकील, डॉक्टर, इंजिनिअर यांच्या पंगतीत बसवलं होतं. कशासाठी? हिशेबाच्या वह्या ठेवायच्या म्हणून. वह्या डॉक्टरांच्या तोडीच्या, आणि त्यात जमेला पाचशे एक. माझ्या सीएनं विचारलं, हे उत्पन्नात दाखवायचं की भेटीत? मी त्याला म्हटलं, तूच ठरव, तुला फी मिळते.

काल संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांनी दुकानातून सॉफ्ट-क्लोज बिजागरी परस्पर आणलीय. पाकिटावर पन्नास हजार वेळा उघडझाप असं छापलंय. जुन्या कपाटाच्या दाराला बसवून त्यांनी मोजायला सुरुवात केली आहे.

"चारशे बारा झाले," मामा म्हणाले. "पण हिनं जेवायला बोलावलंय. तुम्ही कोथरूडातच असता ना? दोन तास येऊन बसलात तर बरं होईल. तुम्हाला तसंही दुसरं काय काम असतं?"