‘डिपार्टमेंट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘डिपार्टमेंट’ या शब्दावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की, इंग्रजीत हा शब्द आधी ‘निघून जाणं’ या अर्थाने होता, अमेरिकेत १७८९ सालीच सरकारी खात्यांना तो लागला होता, मग फ्रान्सने १७९० साली केलेल्या देशाच्या वाटणीचं एवढं पुराण कशाला? आणि वर, ‘लेखकाने शब्दकोश उघडण्याची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं.’

हे शेवटचं वाक्य झोंबलं, लपवत नाही. अहो, माझी उभी हयात सरकारी नोकरीत गेली. डिपार्टमेंटल परीक्षा दिल्या, एक डिपार्टमेंटल चौकशीही भोगली (निर्दोष सुटलो, उगाच शंका नको). आवक-जावकच्या टेबलावर बसून ‘हे आमच्या डिपार्टमेंटकडे येत नाही’ म्हणत किती कागद परत धाडले, त्याला गणती नाही. पोलिसातला माणूस नुसतं ‘मी डिपार्टमेंटमध्ये आहे’ म्हणाला की कुठल्या ते विचारावं लागत नाही. हे तुमच्या कोणत्या कोशात आहे? कोश माझ्याकडेही आहेत, बांधणी सुटेपर्यंत वापरलेले. मतभेद जरूर मांडा. ही मास्तरकी कशाला?

‘निघून जाणं’ हा जुना अर्थ लेखात यायला हवा होता, एवढं मान्य. पण तोही मूळच्या फ्रेंच क्रियापदातलाच, ज्याचा अर्थ वाटणं, वेगळं करणं. भाऊ वाटण्या करून वेगळे निघतात, तसंच ते.

फ्रान्स मी हौसेने घुसवलेला नाही. क्रांतीनंतर तिथे जुने प्रांत मोडून ८३ ‘देपार्तमाँ’ (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) केले आणि प्रांतांची नावं मुद्दाम पुसून नद्या-डोंगरांची दिली : मार्न, ज्युरा. तिथल्या संविधान सभेतले सभासद थूरे यांनी मांडलेल्या योजनेत तर नकाशावर जवळपास सरळ चौकोनच होते. त्याच सभेतल्या मिराबो यांनी विरोध केला, शेवटी सीमा जुन्या हद्दी बघून आखल्या. कोपऱ्यातल्या माणसाला घोड्यावरून एका दिवसात मुख्य गावी पोचता यावं, हा हिशेब होता. वाटणी कोणाच्या सोयीने करायची, हा माझ्या लेखाचा विषय होता. शब्द १७९० साली जन्मला असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचावं.

अमेरिकेचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्यांशी वाद घालत बसायची माझी पद्धतही नाही.